चष्म्याच्या दुकानातली शिडी

भाची: आठ मिनिटं, मामा. करारात स्पष्ट लिहिलंय, एका गिऱ्हाइकाला आठ मिनिटं. त्यात नंबर काढायचा, फ्रेम दाखवायची आणि प्रसन्न मुद्रा ठेवायची.

मामा: मुद्रेचं ते कितव्या पानावर आहे गं?

भाची: चौथ्या पानावर.

मामा: तुझ्या मामीला ते पान वाचून दाखवलं. म्हणाली, दिवसभराची प्रसन्नता तिकडेच संपवलीत तर घरी काय आणाल? पण सही करा म्हणते. तिथे खुर्ची आहे, पगार आहे. बत्तीस वर्षं उभं राहून गुडघ्यांची वाट लागली, हे दुकान बंद करून समोरच्या चष्म्यांच्या कंपनीत बसा म्हणते.

भाची: मीही तेच म्हटलं होतं. पाच वाजता त्यांचा फोन येणार, आणि आत्ता मला खात्री वाटत नाहीये.

मामा: का? आठ दिवस काउंटरमागे बसून माणसं मोजत होतीस ना?

भाची: मोजली. समोर रोज साठेक जातात, आपल्याकडे सात-आठ. आकड्यांवर गेलं तर डोळे मिटून सही करावी. पण त्या सात-आठांतल्या तिघाचौघांच्या खिशात समोरचाच नवा चष्मा असतो. मी नंबर तपासले, सगळे बरोबर. मग ते इथे कशाला येतात? हे मला काही केल्या सुटत नाही.

मामा: समोरच्यांचं यंत्र माझ्यापेक्षा चांगलं आहे. काचाही स्वस्त. नंबर काढण्यात मी केव्हाच हरलो. गिऱ्हाइकं का येतात ते त्यांनाच विचार. हा बघ, आला एक. खिशावर हात आहे.

वायरमन: चष्मेवाले दादा तुम्हीच ना? आमच्या सुताराने पाठवलंय. म्हणाला, ते चष्मा नंतर बघतात, आधी काम विचारतात.

मामा: मग सांगा काम.

वायरमन: वायरमन. छतात वायरी ओढतो, पंखे टांगतो. हा चष्मा समोरून घेतला, पंधरा दिवस झाले. खोटं कशाला बोलू, काच झकास आहे. पेपर वाचतो, टीव्ही बघतो. पण कामावर गेलो की मान धरते ती रात्रीपर्यंत सुटत नाही. मुलगी म्हणते वय झालं. डॉक्टर म्हणाले उशी बदला. बदलली.

भाची: आणि?

वायरमन: उशी चांगली आहे.

मामा: समोर तुमचं काम विचारलं होतं?

वायरमन: विचारलं की. संगणकावर यादी होती. कार्यालय, वाहनचालक, विद्यार्थी, गृहिणी. त्यांत मी कुठे बसेना, मग त्या पोराने 'इतर' लिहिलं. पन्नाशीला आलो आणि इतर झालो.

मामा: ती शिडी दिसतेय? चढा. तिसऱ्या पायरीपर्यंत.

वायरमन: इथे? दुकानात?

भाची: मामा, ती शिडी यासाठी आहे? मला वाटायचं माळ्यावरचं सामान काढायला ठेवलीय.

मामा: माळा आहे कुठे आपल्याला? चढा हो. वरच्या दिव्याचा स्क्रू पिळताय असं समजा. आणि तू, शास्त्रज्ञ, यांची मान बघ.

भाची: मान... पार मागे गेलीय. अरे, हो. जवळचं दिसायचा भाग चष्म्यात खाली असतो. यांचं जवळचं काम मात्र डोक्यावर. म्हणजे खालच्या तुकड्यातून वर बघायला सगळं डोकंच उलटं करावं लागतं.

वायरमन: आणि उतरताना पायरी धूसर दिसते, तेही सांगतो. पाय चाचपत उतरतो मी. कोणाला बोललो नाही. लोक काम देणार नाहीत.

मामा: टेप घे. डोळ्यापासून स्क्रूपर्यंत किती?

भाची: पंचावन्न सेंटिमीटर. जवळचा नंबर धरतात चाळीसला, पुस्तकाच्या अंतराला. म्हणजे यांना जवळचा नंबर अर्ध्या नंबरने तरी कमी हवा. नंबर बरोबर होता, पण दुसऱ्याच कुठल्या तरी कामासाठी. मामा, तुला हे कधीपासून माहीत आहे?

मामा: चूक केली तेव्हापासून. एक रंगारी होता. त्याला मी असाच सुरेख चष्मा दिला, नंबर अगदी काट्यावर. चौथ्या दिवशी पायरी चुकली आणि मनगट मोडलं. भांडेल असं वाटलं होतं. त्याने एका हाताने ही शिडी ओढत आणली, इथे टेकवली आणि म्हणाला, आता तुम्ही चढून बघा.

भाची: म्हणून तिच्यावर निळे डाग आहेत.

मामा: मी चढलो. तेव्हापासून ती इथेच आहे. उतरा तुम्ही, सावकाश. जवळचा भाग वर बसवू, म्हणजे खाली पायरी स्वच्छ दिसेल. तिरका नंबर नाही तुमचा, म्हणजे साधं भिंग चालेल, ते मीच घासून बसवतो.

वायरमन: बिल वाचायला?

मामा: हा आहे की. झकास काचेचा.

वायरमन: मग मला चार दिवसांत द्याल? सोमवारपासून मोठ्या हॉलचं छत आहे.

(फोन वाजतो.)

भाची: पाच वाजले, मामा.

मामा: तूच घे. माझ्या हातात भिंग आहे.

भाची: नमस्कार, मी त्यांची भाची. हो, पानं वाचली सगळी. एकच विचारायचं होतं. तुमच्याकडे शिडी ठेवता येईल का? शिडी. नाही, बोर्ड लावायला नाही, गिऱ्हाइकाला चढवायला. हो, मी थांबते... बरं... बरं. सांगते त्यांना.

मामा: काय म्हणतात?

भाची: असं अजून कोणी विचारलं नव्हतं म्हणे. वरिष्ठांकडे पाठवतील, तिथून विम्याच्या विभागाकडे. तीन आठवडे तरी लागतील. तोवर सही करून ठेवा म्हणतात.

मामा: यांचं छत सोमवारी आहे. आणि तिथे बसलो असतो तर मीही यांना 'इतर' लिहून आठ मिनिटांत बाहेर काढलं असतं, प्रसन्न मुद्रेने. त्यांना नको म्हणून कळव. नीट बोल, त्यांचा काही दोष नाही.

भाची: आणि मामीला?

मामा: तिला म्हणावं खुर्ची आणतोय. इथेच.

वायरमन: माझ्यामुळे काही बिघडलं का दादा?

मामा: छे हो. भिंगावर खूण करायचीय, एकदा पुन्हा वर जा. तू फोन झाल्यावर ये, शिडी धर.