चाळीस विलायती काडतुसं

कामठीच्या चांदमारीवर दिल्लीसाठी नेमबाज मुलींची निवड आटोपली होती. परतीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बाप-लेक बसले होते. लेकीच्या मांडीवर भोकं पडलेली चार कार्डं.

"नेम धरताना हात हालला का तुहा, मनकर्णे?"

"हात नाही हालला, बाबा. पाहा ना, एकेका कार्डावरची सगळी भोकं एका रुपयाखाली मावतात."

"मग मधात काहून नाही?"

"विलायती गोळी साधीपेक्षा खाली लागते."

"पण पहिले गोळ्या मारून बंदुकीची साइट बसवली होती ना तू?"

"साध्या गोळ्या मारून बसवली. विलायती चाळीसच होत्या, अन् निवडीच्या गोळ्याही चाळीस. तुम्हीच म्हटलं, साइट बसवण्यात एकही घालवू नको."

"मारताना दिसलं नाही?"

"पन्नास मीटरवरचं भोक दिसते का डोळ्यानं? कार्डं शेवटीच हाती आली."

"दोन वर्षं जमवली वं मी ते. ज्याच्या-त्याच्यापुढं हात जोडून."

"माहीत आहे."

"अन् त्या गोपिकेनं?"

"साध्याच मारल्या, सगळ्या. कार्डभर पसरल्या तिच्या, पण मधल्या ठिपक्याच्या चहूकडून. गुण तिचेच जास्त."

"म्हणजे दिल्लीले ते जाईन."

"हो."

"मी आणल्याच नसत्या तर?"

"खिडकी लावा बाबा, धूळ येऊन राहिली."

"पुढल्या वर्षी पन्नास जमवतो. दहा साइटसाठी."

"पुढल्या वर्षी माझं वय बसत नाही."

"मले माहीत आहे वं. तरी म्हणू दे."