दोनशे पंचावन्नच्या पुढे

भाऊ : ...म्हणजे काल फोनवर तुला पहिला नंबर म्हणालो ना, तो तुझा नाही, ताई.

ताई : थट्टेची वेळ आहे का ही? हाताला डायलिसिसच्या सुया आहेत, नाहीतर एक ठेवून दिली असती.

भाऊ : थट्टा नाही. किडनीच्या प्रतीक्षायादीतच घोळ होता.

ताई : अरे, मी पोरीला सांगून बसले, आई आता बरी होणार म्हणून!

भाऊ : माझंच तोंड आवरलं नाही.

ताई : कसला घोळ?

भाऊ : कोणी किती दिवस वाट पाहिली, त्याचा एक रकाना आहे. माझ्या आधी ही यादी सांभाळणाऱ्या माणसाने तो सगळ्यात लहान साइजचा ठेवला. त्यात दोनशे पंचावन्नपर्यंतच आकडा मावतो. पुढे तो तिथेच अडकतो, आणि सिस्टिम चकार शब्द काढत नाही.

ताई : एवढी कंजुषी कशाला?

भाऊ : रकाने लहान असले की यादी भराभर चालते. आणि तेव्हा इतके दिवस कोणी थांबतच नव्हतं गं.

ताई : मला तर वर्ष होऊन गेलं.

भाऊ : तुला वर्ष, कोणाला पाच. सगळे दोनशे पंचावन्नवर बरोबरीत. बरोबरी झाली की वयाने लहान तो वर. म्हणून तू.

ताई : आणि खरा पहिला कोण?

भाऊ : नाव नाही सांगता येत.

ताई : नकोच सांगू. पलीकडच्या खुर्चीतले ड्रायव्हरकाका असणार, इथे सगळ्यात जुने तेच. मी इथे पहिल्यांदा आले, तेव्हा घाबरू नकोस म्हणाले होते.

(ताई भिंतीकडे तोंड फिरवते.)

ताई : मग आता काय करणार आहेस?

भाऊ : केलं. सकाळीच रकाना मोठा केला आणि नोंदणीच्या तारखांवरून सगळ्यांचे दिवस पुन्हा भरले.

ताई : मला न विचारता?

भाऊ : हो.

ताई : सख्खा भाऊ ना रे तू? राग येतोय मला तुझा. आणि भीती वाटतेय. फार वाटतेय.

भाऊ : मलाही.

ताई : विचारलं असतंस, तर मी काय म्हणाले असते, ठाऊक आहे?

भाऊ : ‘दुरुस्त कर’ म्हणाली असतीस. ते तुझ्या तोंडून वदवून घ्यायचं नव्हतं मला.

ताई : ...लगेच जाऊ नकोस. मशीन थांबेपर्यंत बस.