खिशातला कॅमेरा आणि लांबलेली प्रस्तावना

(रविवार, दुपारचे तीन. सार्वजनिक वाचनालयाचा तळमजला, पुस्तकबांधणीची खोली. उपस्थित : बांधणीचा वर्ग चालवणारे गृहस्थ, त्यांची पत्नी आणि तिचा धाकटा भाऊ. मेजावर एक चिमुकला व्हिडिओ कॅमेरा.)

नवरा : ...आणि याला तुम्ही कॅमेरा म्हणता, मेहुणेबुवा. मी सकाळपासून साबणाची वडी समजून आदराने बाजूला सरकवत होतो.

मेहुणा : स्वस्तातला आहे, दाजी, पण इंटरनेटवर टाकायला पुरतो. एकच लाल बटण. लहान मूलही चालवेल.

नवरा : लहान मूल मिळालं नाही, म्हणून तुमच्या ताईच्या हाती दिला.

बायको : मूल असतं तर प्रस्तावनेतच झोपलं असतं. मी जागी राहिले, एवढी तरी नोंद असू द्या.

मेहुणा : प्रस्तावना? ताई, वाचनालयाच्या चिटणीसांनी नक्की काय मागितलं होतं?

बायको : चार-पाच मिनिटांची फिल्म. पुस्तक कसं शिवतात ते दिसलं पाहिजे. ती वाचनालयाच्या चॅनेलवर टाकणार, बघून कुणी नाव नोंदवलं तर वर्ग चालू ठेवणार. गेल्या वर्षी एकही विद्यार्थी फिरकला नाही ना. आज संध्याकाळच्या बैठकीपर्यंत फिल्म पोचली नाही, तर वर्ग बंद आणि या खोलीत जादा खुर्च्या.

नवरा : खुर्च्यांचं एक बरं असतं. त्या कधी गैरहजर राहत नाहीत.

मेहुणा : मग शिवून दाखवलंत ना?

नवरा : दाखवणारच होतो. परंतु पुस्तक म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती सुई देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत देणं. म्हणून आधी कागदाचा इतिहास, मग दोऱ्याचं प्रयोजन, मग चिकटवायच्या खळीविषयीचे दोन गैरसमज आणि त्यांचं सविस्तर खंडन. एवढं झाल्यावर म्हणालो, "आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू." त्याच क्षणी तुमच्या यंत्राने मान टाकली.

मेहुणा : मेमरी भरली असणार. कार्ड लहान आहे.

बायको : कार्डाला बोल लावू नकोस. तिथे भल्याभल्यांची भरली असती.

मेहुणा : आहे ते बघू तरी. लॅपटॉपला लावतो... ताई, हे काय? दाजींना डोकंच नाही.

बायको : हात भरून आला, म्हणून कॅमेरा त्या पुस्तकांच्या चळतीवर ठेवला. पुढे कलला असेल.

नवरा : इतक्या वर्षांच्या संसारात जे धाडस झालं नाही, ते पुस्तकांच्या आडून उरकलंस. शिरच्छेद.

बायको : आवाजही गेलाय. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येतेय.

नवरा : म्हणजे खंडन पंख्याने केलं. माझ्याहून थोडक्यात केलं असेल.

मेहुणा : दाजी, थांबा. हे हात काय करताहेत?

नवरा : बोलण्याला साथ देत असतील. वक्त्याचे हात देतात.

मेहुणा : साथ कसली? कागदांना घड्या घालताहेत. टोच्याने भोकं पाडली... सुई ओवली, तीसुद्धा न बघता.

बायको : खळीचे गैरसमज चालले होते तेव्हा तुम्ही सरळ शिवत होतात. मला वाटलं, ठरवूनच करताय.

नवरा : अशक्य. कृती प्रस्तावनेनंतर येते. क्रम म्हणून काही वस्तू आहे की नाही?

मेहुणा : मग हा शेवट बघा. इथे हात थांबलेत, म्हणजे इथेच तुम्ही कृतीकडे वळलात. आणि पुस्तक शिवून तयार आहे.

नवरा : ...मेजावर एक शिवलेलं पुस्तक दिसलं खरं. मी समजलो, जुनं कुणीतरी ठेवलंय.

बायको : समजलात आणि पसारा करते म्हणून मला बोललातही.

मेहुणा : मी आवाज काढून टाकतो, मधलं कापतो. चार मिनिटांत बसेल.

नवरा : मुंडकं नाही, आवाज नाही, प्रस्तावना नाही. मी कोण, हे लोकांना कळावं कसं?

बायको : नाही कळणार. पुस्तक कसं शिवतात ते कळेल. अहो, तुम्हाला विद्यार्थी हवेत की श्रोते? श्रोते हवे असतील तर खुर्च्या येऊ द्या. त्या उठून जाणार नाहीत.

नवरा : ...गाठ मारतो तिथून पुन्हा लावा. हळू. अंगठ्याने दोरा दाबून धरलाय, पाहिलंत? तो तसा धरला नाही, तर शिवण सैल पडते. हे मी वर्गात कधी कुणाला सांगितलंच नाही.

बायको : सांगायला वेळ कुठे उरायचा?

मेहुणा : दाजी, चिटणीसांचा पुन्हा फोन येतोय. काय सांगू?

नवरा : पाठवतोय म्हणावं. ऐकू येत नसला, तर हा गृहस्थ चांगला शिकवतो.