खिळेतंबू

नाही म्हणजे नाही. चाकबिक काही नाही माझ्याकडे. कुणी सांगितलं तुला? — कॅम्पिंगच्या रिसेप्शनवरच्या बेंटेनं ना? वाटलंच. त्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. आता आलाच आहेस तर बस, पायरीवर बस — खुर्चीवर नको, ती सॉल्फ्रिडची आहे, माझ्या बायकोची. आणि तो जॅक ठेव खाली, तान्ह्या पोरासारखा काय कडेवर घेऊन फिरतोयस! डेन्मार्कचा ना तू? ते काय विचारायला लागतं, घशात बटाटा अडकल्यासारखे बोलता तुम्ही लोक. ओड्डवार माझं नाव. चाळीस वर्षं सुतारकाम केलंय, त्यामुळे कामात कच्चा कोण ते मला लांबूनच दिसतं. तुझा तर दुसऱ्याच दिवशी टायर फुटला.

काखेत काय ते? नकाशा? आण इकडे. अरे वा, रंगीत पेनं! निळं म्हणजे मुक्काम, लाल म्हणजे फेरीबोट — बायकोनं केलंय की तूच? तूच. शाब्बास. डेन्मार्कहून बोटीनं ऑस्लो, मग सबंध नॉर्वे चढून पार उत्तरेच्या टोकाला नॉर्डकॅप, तिथून फिनलंड, स्वीडन, आणि पुलावरून घरी. किती दिवस? तेवीस. तेवीस दिवसांत चार देश, मागे कॅरॅव्हॅन बांधून! हे काय लिहिलंय, रोज सहाशे किलोमीटर? तुमच्याकडचे सहाशे वेगळे रे. सगळा देश ताटासारखा सपाट, सर्वांत उंच डोंगरावर माझी म्हातारी मावशीसुद्धा न थांबता चढेल. आमचे सहाशे म्हणजे बोगदे, वळणं, पुढ्यात एखादा जर्मन स्वतःचं अख्खं घर घेऊन ताशी चाळीसनं रांगतोय, फेरीच्या रांगेत दीड तास — आणि वर गेलास की रेनडिअर. रस्त्याच्या मधोमध उभे. हॉर्न मार नाहीतर पाया पड, ढिम्म हलत नाहीत, उलट तुझ्याकडेच बघतात, हा कोण उपटसुंभ आला म्हणून.

आणि बघायचं काय नॉर्डकॅपला? एक कडा, एक लोखंडी पृथ्वीगोल, आणि धुकं. गोलासमोर फोटो काढायला रांग, रांगेत तुझ्यासारखेच शहाणे. — मी? मी कशाला जाऊ? नाही गेलो कधी. जायला कशाला पाहिजे, मला इथे बसून माहीत आहे. हे बघ, इथे चुकलास. इनारीला एकच रात्र? एवढ्या लांब फिनलंडात जायचं, एवढं मोठं तळं, आणि सकाळी उठून निघायचं? दोन हव्यात. एका रात्रीत मच्छरांचीसुद्धा नीट ओळख होत नाही. दोन मुक्काम. खोड ते.

कसं माहीत म्हणजे? दर जानेवारीत करायचो ना आम्ही. बाहेर बर्फ, टेबलावर नकाशा, कॉफी, आणि सॉल्फ्रिडची निळी वही — दर हिवाळ्याला नवीन वही. कुठली फेरी, कुठे मुक्काम, पावावर घालायचं तपकिरी चीज किती न्यायचं इथपर्यंत. मी भांडायचो तिच्याशी. हो, अगदी हिरिरीनं! इनारीवरून तर दर वर्षी. ती म्हणायची दोन, मी म्हणायचो एक पुरे. मग उन्हाळा आला की आम्ही इथे यायचो, या तळ्याकाठी, याच जागेवर. एका शनिवार-रविवारसाठी आणली होती ही कॅरॅव्हॅन, सत्तावीस वर्षं झाली. पहिल्यांदा पुढे कापडी तंबू लावला. तो वाऱ्यानं फाटला. मग म्हटलं लाकडाचा करू — खिळेतंबू म्हणतो आम्ही, या सगळ्या ओळीत दिसतायत ना, तेच. पण इतरांचे खोकी आहेत रे. माझा बघ. पाइनच्या फळ्या, दुहेरी भिंत, खिडकीला चौकट, चहूबाजूंनी कॅरॅव्हॅनला असा घट्ट बसवलाय की मधून सुई जायची नाही. दर उन्हाळ्यात काहीतरी निघायचंच — यंदा डेकला तेल, यंदा छत. प्रवास पुढच्या वर्षी. तीही म्हणायची, बरं, पुढच्या वर्षी.

तिकडे काय बघतोस सारखा? ताडपत्रीखाली काही नाही. — बरं, चाकं आहेत. दोन. तुझ्या मापाचीच असतील. देणार नाही. पाया पडलास तरी नाही. तोंड काय वाकडं करतोस? ऐक मग. इथे नियम आहे, आग लागली तर प्रत्येक कॅरॅव्हॅन जागेवरून ओढून काढता आली पाहिजे. इतकी वर्षं कुणी बघितलं नव्हतं. या मे महिन्यात नगरपालिकेचा एक पोरगेला साहेब आला, हातात यादी, म्हणाला, खालच्या फळ्या काढा, चाकं बघायचीत. मी म्हटलं, कशाला, आहेत. तो म्हणाला, काढा. सॉल्फ्रिड तिथेच उभी होती, हातात ट्रे, त्याच्यासाठी कॉफी आणि वॅफल. मी फळ्या काढल्या. खाली सिमेंटचे ठोकळे.

होय. काढली होती मी चाकं. सहाव्या वर्षी. बोट घेतली होती, तिच्या ट्रेलरला पाहिजे होती, म्हटलं इथे नुसती पडून सडतायत. मग फळ्या ठोकून टाकल्या. पुढे बोट विकली, ट्रेलरसकट. सांगायचं राहिलं — राहिलं कसलं, सांगितलं नाही. एकवीस हिवाळे मी त्या टेबलाशी बसलो आणि बिनचाकांच्या गाडीसाठी फेरीच्या वेळा काढल्या. तिला वही लिहिताना बघायला बरं वाटायचं मला. असं बघू नकोस, तुझ्या बापाच्या वयाचा आहे मी.

ती ओरडली नाही. आधी त्या साहेबाला कॉफी दिली, साखर विचारली. मग मला म्हणाली, "कोणत्या वर्षी?" मी म्हटलं, बोटीच्या वर्षी. तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तंबू, थर्मास आणि शेवटची वही घेऊन निघाली, लाल गाडीनं. अडुसष्ट वर्षांची बाई! मी म्हटलं चार दिवसांत येईल, तंबूत झोपून पाठ आखडेल. सहा आठवडे झाले. कार्डं येतात. तीन-चार शब्द. हे बघ, हे परवाचं — "इनारी. पाऊस. दोन मुक्काम." बस. तब्येत कशी विचारलेली नाही. परत येणार की नाही, तेही लिहिलेलं नाही. आणि मी घाबरलोय रे. माझ्यासारखा माणूस एका पोस्टकार्डाला घाबरतो.

आता ती नॉर्डकॅपला, मग खाली लोफोटनच्या बेटांवर. वहीत लोफोटनला सहा मुक्काम आहेत, तिथे तिची घाई नसते. इथून लोफोटन तीन दिवस. — तुला नाही सांगत, माझं मीच म्हणतोय. कामाची व्हॅन आहे, हुक आहे, कॅरॅव्हॅन सहज ओढेल. चाकं मागवली, तीन आठवडे झाले, ताडपत्रीखाली पडलीयत. रोज सकाळी उठून कॉफी घेतो आणि या भिंतीकडे बघत बसतो. सत्तावीस वर्षं केलेलं काम आहे, ते फोडल्याशिवाय गाडी बाहेर निघत नाही. आणि तिथे पोचलो नि ती म्हणाली, कशाला आलास?

असू दे. तुझा टायर सोमवारी मिळेल, गावात दुकान आहे, उद्या रविवार, सगळं बंद. तोवर बस तळ्यात पाय सोडून, तेवीसचे एकवीस झाले तर काही बिघडत नाही तुझं. हा घे नकाशा. इनारी दुरुस्त कर. — जॅक? जॅक राहू दे इथेच. टायरच नाही तर जॅक कशाला तुला सोमवारपर्यंत? माझा गंजून बसलाय. नाही, मदत नको, पेनांनी नकाशे रंगवणाऱ्यांची तर मुळीच नको. करवत आहे माझ्याकडे. चल, नीघ. आणि जाताना त्या बेंटेला सांग, आवाज आला तर वर येऊन चौकशी करायची नाही.