चौथा दिवस

उन्हाळ्यात जुन्नरच्या एका दवाखान्यात, बाकावर माझ्या शेजारी घाटघरकडच्या सासू-सून बसल्या होत्या. सुनेला चक्कर येत होती. समोर नर्सबाई.

"जया, पाळी वेळेवर येते का?"

"तिला काय इचारता? मी सांगते ना. दर महिन्याला बाजूला बसती. आज चौथा दिवस, सकाळीच न्हाली."

"बरं मावशी, खिडकीवरून केसपेपर घेऊन या."

सासू गेली.

"आता तू सांग. वजन चौतीस, डोळे पांढरेफटक. खरंच येते?"

"न्हाई बाई. संक्रांतीपासनं बंद हाय."

"दिवस गेलेत का?"

"कसं जातील? घरधनी दिवाळीला गेलं कामावर, ते अजून आलं न्हाईत."

"अंगात रक्तच नाही, तर येणार कुठून? जेवतेस काय?"

"समद्यांचं झाल्यावर उरंल ती भाकर."

"मग दर महिन्याला बाजूला का बसतेस?"

"तवा पाण्याला शिवू देत न्हाईत. खालच्या झऱ्यावरनं हंडं आणाया लागत न्हाईत. गोणपाटावर पाठ टेकाया मिळती."

"हे सासूला सांगायला हवं."

"नगा बाई, पाया पडते. तेवढंबी जाईल."

सासू परत आली.

"हा घ्या कागद. काय निघालं, बाई?"

"मावशी... अशक्तपणा आहे. तिला विश्रांती पाहिजे."

"आन् चार दिवस काय करत व्हती? ऊठ गं जये. घरी हंडं रिकामं पडल्यात."