चित्रात आबाला तोंड नाही

— ह्या माणसाला तोंड का काढलं नाही, असं विचारलं त्यांनी.
— लुगडं कोणतं होतं? हिरवं का जांभळं?
— बूट घालून? पाण्यात?
— तेरा साते?
— अंडं हाय का, उबवून राहिले?
— माफी मागायची म्हणजे नेमकं काय करायचं?
— तिकडं आता किती वाजले असतीन?

शकुनबाई: तिकडं आता किती वाजले असतीन, मास्तर?

आनंदराव: इथं साडेतीन. म्हणजे नेदरलँडला अकरा. चारला फोन करते म्हणाली प्रतिक्षा.

शकुनबाई: मंग आतापासून कायले फोन हातात धरून बसले? अंडं हाय का, उबवून राहिले?

आनंदराव: सवय. चौतीस वर्षं पोरांना घंटेच्या आधी बसवलं. आता मी बसतो.

शकुनबाई: भाजी झाकून ठेवली चुलीपाशी. जेवून घ्या आधी.

आनंदराव: नंतर.

शकुनबाई: मंग नीट सांगा तरी. परवा शेताच्या धुऱ्यावर सांगलं ते अर्धं समजलं, अर्धं वाऱ्यानं नेलं. नातवाच्या शाळेनं काय म्हटलं?

आनंदराव: शाळेत बाईंनी चित्र काढायला सांगितलं. सुटीत काय केलं, त्याचं. सुमेधनं मोहाचं झाड काढलं. झाडाला दोर, दोराला तो स्वतः. बाजूला बोडीचं निळं पाणी, आणि एक मोठा माणूस. हा कोण, विचारलं तर म्हणे आबा.

शकुनबाई: बरोबरच काढलं लेकरानं. जुलैत रोवणीले तसंच तं होतं. मोहाखाली तो, धानाच्या बांधीत आपुन.

आनंदराव: माणसाला तोंड नाही. नुसती पाठ. शाळेतल्यांना वाटलं, पोरगं ह्या माणसाला घाबरतं. म्हणून तोंड काढलं नाही.

शकुनबाई: अवं बाई! रोवताना तोंड कसं दिसंन? मजूर कमी पडले म्हून तुमी पन उतरले होते चिखलात. रोवणीत माणसाचं तोंड चिखलाकडं, पाठ लेकराकडं. लेकरू बोडीच्या खोल पाण्यात जाऊ नये म्हून तं दोर लागते.

आनंदराव: हे तिथं कोण सांगणार?

शकुनबाई: प्रतिक्षा सांगन. ते काय तिकडं जन्मली?

आनंदराव: ती त्या दिवशी साकोलीला बँकेत गेली होती. पोराला माझ्याजवळ ठेवून. तिलाही शाळेतूनच कळलं. नवऱ्याशेजारी, त्या रुबेनशेजारी बसवून चित्र पुढं ठेवलं तिच्या.

शकुनबाई: मंग आता?

आनंदराव: डिसेंबरात तिघंही येऊन राहिले. नागपूरपर्यंत नक्की. सुमेधला इकडं दिघोरीला आणायचं का नाही, ते आज सांगणार.

शकुनबाई: आनन. आजोबा हाय तुमी.

आनंदराव: म्हणूनच विचार करावा लागून राहिला तिला.

(फोन चारला वाजला नाही. चार वाजून बारा मिनिटांनी वाजला. तोवर आनंदरावांचा चष्मा तीनदा पुसून झाला होता. एकेकाळी त्यांच्या खोकल्यानं अख्खी शाळा चिडीचूप व्हायची. आज ते फोनपुढं खोकून पाहत होते आणि फोन वाजत नव्हता.)

प्रतिक्षा: बाबा, कॅमेरा कपाळावर नका धरू. खाली घ्या. हं. जयभीम. जेवलात?

आनंदराव: जयभीम. जेवलो.

शकुनबाई: खोटं! भाजीवरचं झाकन हाललं नाही अजून.

प्रतिक्षा: शकुनमावशी आहे होय तिथे? मला बाबांशी जरा एकट्यानं बोलायचं होतं.

शकुनबाई: बोल ना. मले भिंत समज.

प्रतिक्षा: बोलणारी भिंत. राहू दे. बाबा, मला खरं सांगा. बांधलं तेव्हा तो रडला?

आनंदराव: नाही.

शकुनबाई: रडते कायले? बेडकाशी गोष्टी करत होता, तुमच्या त्या भाषेत. बेडूक बी ऐकत होता बापडा.

प्रतिक्षा: सुटावंसं वाटलं असतं तर सुटता आलं असतं त्याला?

आनंदराव: गाठ पाठीमागं होती.

प्रतिक्षा: म्हणजे नाही.

आनंदराव: म्हणजे नाही. सुटता येत असेल तर बांधायचं कशाला?

प्रतिक्षा: किती वेळ?

आनंदराव: दोन तास. मध्ये एकदा सोडलं. मुरमुरे खाल्ले, शू केली, परत बांधलं.

प्रतिक्षा: आणि संध्याकाळी मी आले तेव्हा तुम्ही बोलला नाहीत.

आनंदराव: सांगण्यासारखं काही वाटलं नाही, पोरी. पाणी पाजलं, हे काय कोणी सांगते?

प्रतिक्षा: रुबेनला हेच समजत नाही. तो ओरडला नाही हो. तो कधीच ओरडत नाही. नुसता विचारत राहिला. तुझे वडील चांगले आहेत, तुझ्या गावचे लोक चांगले आहेत, मग का? मी उत्तरं देत गेले, आणि त्याच्या भाषेत प्रत्येक उत्तर वाईट ऐकू येत होतं.

आनंदराव: आपल्या भाषेत?

प्रतिक्षा: आपल्या भाषेत म्हणून पाहिलं, रात्री, मनाशी. तरी पटलं नाही.

आनंदराव: हं.

प्रतिक्षा: दोर कसला होता?

आनंदराव: दोर नव्हता. काथ्या रुततो. तुझ्या आईचं जुनं लुगडं पिळून घेतलं.

प्रतिक्षा: कोणतं? हिरवं का जांभळं?

आनंदराव: जांभळं.

प्रतिक्षा: ते मी मागितलं होतं तुम्हाला. गोधडीसाठी.

आनंदराव: आहे ना. धुऊन ठेवलं.

शकुनबाई: दोन पाण्यानं धुतलं मास्तरनं. मी पाहालं.

आनंदराव: सुमेध पोहणं शिकून राहिला म्हणत होतीस.

प्रतिक्षा: हो, बुधवारी. इथे सगळीच मुलं शिकतात. दारापुढे कालवाच असतो. परीक्षेला अंगावर कपडे, पायांत बूट, तसंच पाण्यात उतरवतात.

आनंदराव: बूट घालून? पाण्यात?

प्रतिक्षा: चुकून पडलं तर मूल बूट काढून थोडंच पडणार आहे?

आनंदराव: बरोबर आहे. आणि रडलं तर?

प्रतिक्षा: रडतंच. हा दोन महिने रडला. बाई काठावर गुडघे टेकून बसते, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला येऊन बोलते. पण बाहेर नाही काढत.

आनंदराव: आणि तू?

प्रतिक्षा: मी काचेमागे. आईबापांना आत सोडत नाहीत.

शकुनबाई: अवं माय! अन् आमचं लुगडं तेवढं खुपलं तुमाले?

प्रतिक्षा: मावशी, तिथे तो काहीतरी शिकतो. दोरानं काय शिकला?

आनंदराव: काही नाही. कोरडा राहिला.

प्रतिक्षा: बाबा, मला भांडायचं नाही.

आनंदराव: मी कुठं भांडून राहिलो?

प्रतिक्षा: तुम्ही भांडत नाही. तुम्ही निकाल देता. लहानपणापासून. चौथीत मी तुमच्याच वर्गात होते. तेराचा पाढा म्हणताना अडले. तेरा साते? तुम्ही तीनदा विचारलंत. मग बाहेर उन्हात उभं केलंत. बाकीच्यांना पाच मिनिटं असायचं. मला अर्धा तास.

आनंदराव: मास्तरच्या पोरीला सवलत, असं कोणी म्हणू नये म्हणून.

प्रतिक्षा: म्हणजे आठवतं तुम्हाला.

आनंदराव: नाही. आठवत नाही. पण केलं असेल तर ह्याचसाठी केलं असेल.

प्रतिक्षा: इथे दुकानात, बसवर, कुठेही एक्क्याण्णव दिसलं की अजून मान ताठ होते माझी.

आनंदराव: पाढा तर पाठ झाला.

शकुनबाई: मास्तर! हे आता बोलाचं होतं का?

प्रतिक्षा: बोलू दे, मावशी. हेच सांगत होते मी.

आनंदराव: तू लहान होतीस तेव्हा तुलाही बांधत होते. त्याच मोहाला. दोन वर्षांची असशील.

प्रतिक्षा: वाटलंच मला. तुम्ही तेव्हापासूनच असे.

आनंदराव: मी शाळेत असायचो. तुझी आई बांधायची.

प्रतिक्षा: आई?

शकुनबाई: गोदाबाईच तं! माया बाजूलेच रोवे ते. आधी तुले बांधे, मंग पदर खोचून उतरे.

प्रतिक्षा: आईनं मला कधी बोट लावलं नाही. आवाज चढवला नाही.

शकुनबाई: कोन म्हनते चढवला? बांधता बांधता गुनगुनत राहे. तू तिच्या गळ्याले मिठी मारून राहे, अन् ते तुया पाठीमागं गाठ मारून घे.

प्रतिक्षा: बाबा?

आनंदराव: ऐकून राहिलो.

प्रतिक्षा: आई असती तर तिला विचारलं असतं.

आनंदराव: हो. आठ वर्षं झाली. मीही बरंच काही विचारायचं ठेवलं आहे.

प्रतिक्षा: सुमेध इथेच आहे. त्याच्याशी बोला. चूक झाली म्हणा. इथे मोठी माणसं लहानांची माफी मागतात.

आनंदराव: माफी मागायची म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रतिक्षा: आपण काय केलं ते सांगायचं. ते बरोबर नव्हतं म्हणायचं. आणि 'पण' म्हणायचं नाही.

शकुनबाई: 'पन' नाही? मंग मास्तरनं तोंड कायले उघडावं?

प्रतिक्षा: सुमेध, ये. आबा.

सुमेध: हॅलो आबा. तुझा नाकच दिसते.

आनंदराव: हं. आता?

सुमेध: आता पूर्ण दिसते.

आनंदराव: सुमेध, जुलैत मी तुला झाडाला बांधलं होतं. तुला सुटता येत नव्हतं. ते बरोबर नव्हतं.

सुमेध: ओके.

आनंदराव: ओके म्हणजे?

सुमेध: ओके म्हणजे ओके, आबा. माझा बेडूक आहे तिथे?

आनंदराव: नाही रे. पाणी उतरलं की बेडूक जमिनीखाली जातात. पावसाळ्यापर्यंत तिथंच राहतात.

सुमेध: सगळे एकत्र?

आनंदराव: नाही. एकेकटे.

सुमेध: मग ते काय करतात?

आनंदराव: काही नाही. थांबतात.

सुमेध: ओके. बाय आबा.

प्रतिक्षा: छान बोललात, बाबा. खरंच. मला वाटलं नव्हतं.

आनंदराव: मग डिसेंबरात...

प्रतिक्षा: डिसेंबरात मी येईन दिघोरीला. एक दिवस. मी एकटी.

आनंदराव: आणि तो?

प्रतिक्षा: तो नागपूरला, रुबेनजवळ. आमचं ठरलं आहे. शाळेलाही तसं कळवलंय.

आनंदराव: मी म्हटलं ना आता. 'पण' न लावता म्हटलं.

प्रतिक्षा: म्हटलंत. ते त्याच्यासाठी होतं, बाबा. त्याच्या बदल्यात काही मिळत नसतं.

शकुनबाई: अवं पन, प्रतिक्षा...

आनंदराव: 'पण' नाही, शकुनबाई.

प्रतिक्षा: तुम्ही या ना नागपूरला. आम्ही उतरू त्या हॉटेलवर. तिथे खेळा त्याच्याशी. आम्ही दोघं असूच.

आनंदराव: तुम्ही दोघं असालच.

प्रतिक्षा: हो.

आनंदराव: सकाळी निघालो तर अकरापर्यंत पोचतो. संध्याकाळी साकोलीवरून इकडची गाडी असते, तिनं परत.

प्रतिक्षा: बरं.

आनंदराव: बरं.

प्रतिक्षा: जेवून घ्या. ठेवते मी. जयभीम.

आनंदराव: जयभीम.

शकुनबाई: राहा म्हटलं का तिनं?

आनंदराव: मी परतीची गाडी सांगितली. ती बरं म्हणाली.

शकुनबाई: तुमी कायले सांगली गाडी? थांबाचं होतं जरासं. म्हनाली असती.

आनंदराव: नसती म्हणाली तर?

शकुनबाई: भाजी गरम करू?

आनंदराव: राहू द्या. तुमच्या घरी वाट पाहत असतील.

शकुनबाई: पाहू दे. मास्तर, एक सांगू? एवढ्या वर्षांच्या रोवणीत आपल्या बोडीत एक लेकरू नाही गेलं. एकबी नाही. हे काहून नाही सांगलं तिले?

आनंदराव: त्यात 'पण' आहे.

शकुनबाई: मंग मी सांगतो उद्या. मले तं कोनी 'पन' म्हनू नको म्हटलं नाही.

आनंदराव: नका सांगू. ती ऐकेल, आणि तरी आणणार नाही. मग माझ्याजवळ तेवढंही उरणार नाही.

शकुनबाई: दिवा लावून जाऊ का?

आनंदराव: लावतो मी.

गोदाबाई, १९९२ च्या जुलैत, मोहाखाली: दोर बारा हात हाय, पानी पंधरा हातावर. मोजलं मी. जा तुमी शाळेत.