टीव्हीवरचा पारखी

तुम्ही काहीही म्हणा, त्या केबल चॅनेलवरच्या कबड्डी-तज्ज्ञाचा मला अजून संताप येतो! ठाण्यात तेव्हा केबल नुकतीच आलेली. आमच्या टीमचा गणू दिवसभर कंपनीत राबून, सुजलेल्या गुडघ्याने फायनल खेळला, तेही फुकट. त्याच्या हातून एक पकड सुटली, तर हा एसीत बसून म्हणतो, “असला नासका माल संघात घेतलाच कशाला?”

अख्ख्या कोळीवाड्याने ऐकलं. गणू शरमेने घराबाहेर पडेना.

रविवारी हाच गृहस्थ मासळी बाजारात, नेमका मासे विकायला बसलेल्या गणूच्या आईसमोर. पापलेट उचललं आणि ताजं आहे का म्हणून कल्ले उघडून बघायला लागला. मावशीने ते हिसकावूनच घेतलं.

“माज्या पोराला टीवीत बसून नासका म्हनलास ना? मंग मासलीच कशाला हातात घेऊन बगतोस?”